तासाभराचं खोटं

“एक शब्द, सिस्टर. ‘नाही’. एकदा म्हणायचं आणि आत निघून यायचं,” मी म्हणाले.

“तेवढंच मले जमत नाही, नसीमबाई,” सिस्टर आग्नेस म्हणाल्या आणि सुपातली डाळ निवडत राहिल्या.

माझं डोकं फिरलं. आतल्या खोलीत वीस वर्षांची प्रणाली गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिच्या मोबाइलवर गावातल्या मैत्रिणीचा मेसेज आला होता : “तुहे बाबा अन् मोठे बाबा निंगाले. शिष्टरकडंच येऊन राह्यले.” रस्ता कितीही खराब धरला तरी त्यांना तासाभरात पोचायला हरकत नव्हती. त्या तासात मला एक खोटं उभं करायचं होतं. आणि जिच्या तोंडून ते शोभून दिसलं असतं, ती बाई डाळीतले खडे वेचत होती!

मी वणीच्या कोर्टात वकिली करते. अब्बांचं मोटर दुरुस्तीचं गॅरेज होतं, त्यामुळे आवाज लहानपणापासून मोठा. कोर्टात त्याचा उपयोग होतो, घरी होत नाही. माझ्याकडे जास्त करून बायकांच्या केसेस येतात. पोटगी, घरातली मारहाण, आणि मधूनमधून घर सोडून आलेली एखादी पोरगी.

सिस्टर आग्नेस मारेगावच्या पुढे, मुख्य रस्त्यापासून आत, मिशनचा छोटा दवाखाना आणि मुलींचं हॉस्टेल चालवतात. मूळच्या केरळच्या. मराठी शिकल्या पुस्तकातून आणि वऱ्हाडी शिकल्या पेशंटांकडून, म्हणून त्यांच्या एकाच वाक्यात ‘मला’ही येतं आणि ‘मले’ही. सगळा परिसर त्यांना ‘शिष्टर’ म्हणतो. इथं येण्याआधी त्या त्यांच्या संस्थेत नव्यानं आलेल्या मुलींना नीतिशास्त्र शिकवायच्या. हे मला त्या दिवशी कळलं. आधी कळलं असतं तर मी जरा तयारी करून गेले असते.

प्रणाली बारावीपर्यंत याच हॉस्टेलमध्ये शिकली. मग चंद्रपूरला नर्सिंगला लागली. एक वर्ष उरलेलं असताना दिवाळीच्या सुटीत घरी आली ती परत गेलीच नाही. तिच्या मोठ्या बाबांनी, म्हणजे बापाच्या थोरल्या भावानं, बळीरामनं, स्थळ आणलं होतं. तारीखसुद्धा काढली. बाप देवराव कोळशाचा ट्रक चालवतो. आठवड्यातले चार दिवस रस्त्यावर, त्यामुळे घरातलं सगळं बळीराम ठरवतो. भांडण झालं. रागाच्या भरात पोरगी बोलून गेली, “तर मंग मी जीव देतो, मंग लावा लगन!” दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, ती घरात नव्हती. तिनं सरळ एसटी पकडली आणि इथं उतरली. सिस्टरनं तिला जेवू घातलं, ठेवून घेतलं आणि रविवारी मला फोन केला.

आता कायदा काय म्हणतो, ते सांगते. कायदा अगदी साधा आहे. मुलगी अठरा पूर्ण म्हणजे सज्ञान. सज्ञान बाईनं कुठं राहायचं, लग्न करायचं की नाही, हे तिचं ती ठरवते. घरच्यांनी हरवल्याची तक्रार दिली, तिला ठाण्यात ‘मिसिंग’ म्हणतात, की पोलीस मुलीला शोधतात आणि तिचा जबाब घेतात. जबाब म्हणजे तिच्या तोंडचं, तिच्या सहीचं निवेदन. ‘मी माझ्या मर्जीनं इथं आहे’ एवढं तिनं लिहून दिलं की काम संपलं. पुढे कोणी जबरदस्ती केली तर तो गुन्हा.

पण जबाब होईपर्यंतचा वेळ असतो ना, तो फार वाईट. तेवढ्या वेळात दोन माणसं येतात, पोरीचा हात धरतात, गाडीत टाकतात. मग आठवड्यानं तीच पोरगी खाली मान घालून ठाण्यात सांगते, मी खुशीनं घरी आले. झालं! माझ्या फायली गेल्या चुलीत. हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून मला घाई होती.

देवरावनं ठाण्यात ‘मिसिंग’ दिलेलीच होती, म्हणून तिथल्या जमादाराला फोन लावला. ते कुठल्याशा मिरवणुकीच्या बंदोबस्तात होते. “येतो म्याडम, लेडीज कॉन्स्टेबल घेऊन येतो. चार वाजतीन. तवरक पोरीले सांभाळा.” प्रणालीला घेऊन मीच ठाण्यात गेले असते, पण माझ्याकडे होती एक स्कूटी आणि रस्ता होता एकच, ज्यावरून ते दोघे येत होते.

म्हणून मला तो शब्द हवा होता. शिष्टर ‘नाही’ म्हणाली असती तर त्या भागात कोणी तिला उलटून विचारलं नसतं. गाडी आली तशी परत गेली असती.

“जीव जातोय का तुमचा एवढं म्हणायला?” मी विचारलं.

“कायद्यात बसत नाही,” त्या म्हणाल्या.

“कायदा मला शिकवू नका. कुठल्या सेक्शनमध्ये लिहिलंय?”

“लिहिलेला नाही तो. म्हणजे माणसाच्या आत लिहिलेला हाय. आम्ही त्याले निसर्गनियम म्हणतो.”

मला हसू आलं, रागातसुद्धा. “निसर्गाचा नियम? अहो, इथून टिपेश्वरच्या जंगलात जाऊन बघा. वाघ गवतात लपून बसतो, हरणाला सांगतो का, मी आलोय म्हणून?”

“वाघाचा निसर्ग नाही, बाई. माणसाचा. सगळे हीच गल्लत करतात.” त्यांनी सूप बाजूला ठेवलं. शिकवायला मिळालं की या बाईचा चेहरा उजळतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. “वाघाच्या निसर्गात शिकार हाय. माणसाच्या निसर्गात अक्कल हाय. त्या अकलेनं बघितलं तर भलं काय, वाईट काय, हे कळते. बायबल वाचलं नाही तरी कळते. हे आमच्या चर्चनं शोधून काढलेलं नाही, त्याच्याही आधीचं हाय. आम्ही फक्त धरून ठेवलं.”

“आणि माझ्या निसर्गात काय आहे? मी मुसलमान.”

“तेच. तुम्ही इथं कायले आल्या? रविवारचं जेवण सोडून? कोणी सांगितलं? त्या पोरीवर अन्याय होऊ नये, हे तुम्हाला आतून कळलं. तोच तो कायदा.”

या अल्लाह! माझाच साक्षीदार माझ्यावर उलटवला बाईनं. मी म्हणाले, “मग त्याच कायद्यानं पोरगी वाचवा. एक खोटं बोला.”

“वाचवणार. पण खोटं बोलून नाही. वाचेचं काम काय? माझ्या मनातलं तुमच्या मनात पोचवणं. त्यासाठीच मिळाली ती. मी तिच्यानंच तुम्हाला फसवलं तर मग बोलण्यात काही राहतच नाही. चांगल्या कामासाठी असलं तरी वाईट हत्यार घ्यायचं नाही, एवढंच आमचं म्हणणं.”

“सगळे फादर हेच म्हणतात?”

“नाही,” त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. “त्यांच्यात यावरून लई भांडणं हायेत. कोणी म्हणते, दोन अर्थांचं बोललं तर चालते. मले नाही जमत.”

दोन अर्थांचं! माझ्या डोक्यात लगेच दिवा लागला. वकिलाचं अर्धं आयुष्य यातच जातं. मी उठले, प्रणालीला हाताला धरून हॉस्टेलच्या खोलीतून बाहेर काढलं, अंगण ओलांडून दवाखान्यामागच्या औषधांच्या खोलीत नेऊन बसवलं. सलाइनच्या खोक्यांच्या मध्ये. परत आले.

“आता म्हणा, ‘हॉस्टेलमध्ये कोणी मुलगी नाही.’ शंभर टक्के खरं. बाकीच्या पोरी सुटीवर, ही दवाखान्यात. कोर्टात सिद्ध करून दाखवते.”

सिस्टर हसल्या. राग आला मला त्या हसण्याचा. “वाक्य खरं केलं तुम्ही. पण तो बाप जाताना काय समजून जाईन?”

“काय समजायचं ते समजेल! ते त्याचं त्यानं बघावं.”

“मग फसवलंच की.” त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. “मी कालपासून पोरीला म्हणते, बाबाला फोन कर. जिवंत हाय एवढंच सांग. ती घाबरते. तुम्ही म्हणता, जबाब झाल्यावर. पण ती जीव देतो म्हणून निघालेली हाय. त्या माणसाच्या घरी काय चाललं असेल?”

मी म्हणाले, चार वाजल्यानंतर बघू. आणि खरं सांगते, मला तेव्हा बापाची काही पडलेली नव्हती. माझी क्लायंट औषधांच्या खोलीत होती.

शेवटी आमचं ठरलं. बोलायचं मी. सिस्टरनं व्हरांड्यात बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. गप्प राहायला त्यांच्या कायद्याची मनाई नव्हती. सगळ्यांना सगळं सांगायलाच पाहिजे असं काही नाही, हे त्यांनी दोनदा समजावलं. “फक्त तुमच्या बोलण्याला मी मान हलवणार नाही,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, नका हलवू, मेहरबानी.

बोलेरो आली. गेटला मी आतून कडी घातली होती. आधी बळीराम उतरला. उंच, पांढरा शर्ट, हातात मोबाइल. त्याच्यामागून देवराव उतरला. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, पायात चप्पल एकच. दुसरी कुठं गेली, त्याचं त्याला भान दिसत नव्हतं.

“पोरगी कुठी हाय?” बळीराम गेटवरूनच ओरडला.

“मी अ‍ॅडव्होकेट शेख. काय काम आहे?”

“तुमच्यासंगं काई काम नाई. आमची पोरगी इथी आली. बाहेर काढा.”

मी कोर्टातला चेहरा लावला. “हॉस्टेलमध्ये कोणी मुलगी नाही. सुटी आहे.”

“झूट!”

“आत येऊन बघायचं असेल तर पोलीस घेऊन या. जमादार येतच आहेत.”

छान चाललं होतं. बळीराम चिडला होता, पण घुटमळत होता. आणखी दोन मिनिटं मी ताणलं असतं तर तो शिव्या देत गाडीत बसला असता. माझा तसा अनुभव आहे.

तेवढ्यात देवराव गेटजवळ आला. माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही. माझ्या खांद्यावरून मागं, व्हरांड्याकडे बघत, अगदी हळू आवाजात तो बोलला.

“शिष्टर, जिती हाय का जी माही पोरगी? कुठी हाय ते नको सांगू. जिती हाय का, तेवढं सांग.”

सिस्टर उठल्या. मी मागं वळून डोळ्यांनी सांगितलं, नको. त्या पायऱ्या उतरून, अंगण ओलांडून सरळ गेटपाशी आल्या.

“जिती हाय, देवराव. इथंच हाय. आत्ताच जेवली.”

धरणीनं मला पोटात घ्यावं असं झालं. माझी सगळी मेहनत, सलाइनची खोकी, सगळं मातीत! मी सिस्टरकडे बघितलं आणि जे काही तोंडात आलं ते गिळलं.

देवराव खाली बसला. गेटच्या गजाला धरून, मातीतच. तोंड उघडून रडला. ट्रक चालवणारा माणूस, पन्नाशीचा, लाज नाही लज्जा नाही. “दोन दिवस झाले शिष्टर, विहिरी पाहून राह्यलो. बळीभाऊ म्हने, पयाली असंन पोरासंगं. म्या म्हनलं, पयाली असंन तर देवा लई बरं होईन. अन् विहिरीत उतरून पाह्यलं.”

ते ऐकून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. चष्मा काढून पुसला मी. क्लायंटची बाजू वगैरे सगळं ठीक आहे, पण माणूस आहे की नाही आपण?

बळीराम मात्र विरघळणारा नव्हता. त्यानं नेमकं बोट ठेवलं ते माझ्यावर. “आता ह्या वकीलबाई म्हने, कोनी नाई. अन् हे शिष्टर म्हनते, हाय. तुम्ही दोघी मिळून आमाले येडं बनवून राह्यल्या का? कोनतं पोरगं हाय आत लपवून? खरं सांगा.”

“पोरगा नाही कोणी,” सिस्टर म्हणाल्या. “एकटी आली. एसटीनं आली. तिला शिकायचं हाय म्हणून आली.”

“कायचं काय! तुमच्यावर भरोसा कायले ठेवायचा? एक म्हनते नाई, एक म्हनते हाय!”

प्रश्न बरोबर होता. माझं खोटं उघडं पडलं होतं आणि आता त्याच्या शेजारी उभं राहून सिस्टरचं खरंही खोटं दिसत होतं. माझ्या बाबतीत असं फार वेळा होत नाही.

उत्तर देवरावनं दिलं. गजाला धरून तो उठला. “भाऊ, वकीलबाई काईबी म्हनो. शिष्टर खोटं बोलत नाई.”

“तुले काय मालूम?”

“आपली माय कशी गेली, आठवते ना? सगळे डाक्टर म्हने, बरी होईन, यवतमाळले न्या, नागपूरले न्या. ह्या एकटीनं सांगतलं, देवराव, माय वाचनार नाई, घरी ने, जवळ बस. मले लई राग आला होता हिचा. थुंकलो होतो म्या इथी, ह्याच गेटापाशी. पन मायले घरी नेलं. तिच्यापाशी बसलो. तू नागपूरचा दवाखाना पाहाले गेलता, तू नव्हता.” “हे बाई म्हनते, एकटी आली, तर एकटीच आली.”

बळीराम गाडीला टेकून उभा राहिला आणि मोबाइलकडे बघत बसला.

देवराव म्हणाला, पोरीले भेटायचं हाय. सिस्टर म्हणाल्या, “तिला विचारून सांगते. नाही म्हणाली तर नाही. आणि गेट उघडणार नाही.” हेही त्यांनी तसंच सरळ सांगितलं, आवाज न चढवता. देवरावनं मान हलवली.

प्रणाली आली. मी तिचा हात धरून ठेवला होता. गेटच्या आत ती, बाहेर बाप.

देवरावनं दोन्ही हातांनी गज धरले. मग देवराव म्हणाला, “जेवली म्हने.”

“हो.”

“काय होतं?”

“वरन-भात.”

“फोन काहून नाई केला बाई मले?”

“तुमचा फोन मोठे बाबा उचलतेत.”

देवरावनं भावाकडे बघितलं, मग तिच्याकडे. “लगन करायचंच नाई का तुले?”

“मी तसं म्हनलीच नाई, बाबा. एक वर्स राह्यलं माहं. ते होऊ द्या. मंग तुम्ही सांगा, मी आयकतो. पन हे अर्धं टाकून नाई येनार. आज नेलं तरी उद्या निंगून येईन.” बोलताना तिचा एकही शब्द अडला नाही. माझ्या मनात आलं, ही पोरगी वकील व्हायला हवी होती.

मागून बळीराम बोलला, “अन् पाव्हन्याले काय सांगू? पोरगी पयाली म्हनून?”

“पयाली कायले?” देवराव वळून म्हणाला. “शिष्टरकडं आली होती, म्हना. शाळेत होती तवा ऱ्हायेच ना इथी. सगळ्याईले मालूम हाय.”

आणि गंमत बघा, ते शब्दशः खरं होतं. त्यात कुणाची फसवणूकही नव्हती. सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

जमादार पाचच्या पुढे आले, लेडीज कॉन्स्टेबलला घेऊन, घामाघूम. तोवर देवराव गेटच्या आत, व्हरांड्यात चहा पीत बसला होता. गेट प्रणालीनं स्वतः उघडलं, माझा विरोध असताना. जबाब झाला. प्रणालीनं सही केली. बापानं आपण होऊन तक्रार मागं घेतली आणि जमादाराला विचारलं, “चंद्रपूरची गाडी सकाळी किती वाजता राहते जी?” दुसऱ्या दिवशी तोच तिला तिथल्या हॉस्टेलवर सोडून आला. ट्रकनं. कोळसा नेतच होता म्हणे.

सगळं गोड झालं असं नाही. पाहुणे नाराज झाले, लग्न मोडलं, बळीराम भावाशी बरेच दिवस बोलत नव्हता. आता बोलतो. प्रणाली पास झाली, आणि सध्या एका दवाखान्यात लहान बाळांच्या वॉर्डात आहे. लग्नाचं विचारलं तर म्हणते, “पाहून राह्यलो, म्याडम.”

त्या संध्याकाळी निघताना मी सिस्टरला विचारलंच. “समजा, देवराव कुऱ्हाड घेऊन आला असता तर? तेव्हाही ‘इथंच हाय’ म्हणाल्या असत्या?”

“नाही. तेव्हा मी गप्प राहिली असती. गेटात उभी राहिली असती.”

“आणि त्यानं तुम्हालाच मारलं असतं तर?”

“तर मग मारलं असतं,” त्या म्हणाल्या. बाईचं बोलणं साधं आहे, वागणं भयंकर. “पण तो कुऱ्हाड घेऊन नव्हता आला, नसीमबाई. तो विचारायला आला होता. पोरगी जिवंत हाय का, हे विचारायचा बापाला हक्क हाय.”

मी स्कूटी चालू केली. मला आजही वाटत नाही की मी चूक केली. गेटवर दुसरा कोणी असता तर माझ्या खोट्यानंच पोरगी वाचली असती, आणि उद्या पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. त्या दिवशी ते कमी पडलं, एवढं मान्य आहे.

देवराव आता माझा अशील आहे. शेताच्या बांधाची केस आहे, शेजाऱ्याबरोबर. प्रत्येक तारखेनंतर मी त्याला बाहेर बाकावर बसवून समजावते, आज काय झालं, जज काय म्हणाले, पुढे काय होईल. तो सगळं नीट ऐकून घेतो, हात जोडतो, आणि माझ्यादेखत सिस्टरला फोन लावतो. “शिष्टर, वकीलबाई म्हनते आपली बाजू मजबूत हाय. खरं हाय का जी?” सिस्टर म्हणतात, फोन त्यांच्याकडे दे, मी विचारते. मग मला सगळं पुन्हा एकदा सांगावं लागतं, आणि या वेळी जसं आहे तसंच.